खणू नका, वाचा: जुन्या चर्चभोवतीची शोधवाट

वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांचा वाडा आहे. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे तो घाट अनेकांनी निदान पडद्यावर तरी पाहिलेला असतो. तिथल्या महादेवाच्या देवळाशेजारी एका छोट्या दगडी खोलीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन न्याहाळली तर तिच्यावर १७०७ हे साल आणि मरिया व बाळ येशू यांची आकृती दिसते. महादेवाच्या दारात मरियेची घंटा कशी आली? उत्तरासाठी वसईला जावं लागतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची प्रसिद्ध घंटाही त्याच मोहिमेतली मानली जाते.

एक वस्तू, तिच्यावर कोरलेलं साल, न जुळणारं चित्र आणि उत्तर भलत्याच गावी. जिओकॅशिंगचं कोडं रचणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही.

जिओकॅशिंगमधला ‘कॅश’ हा नगद पैसा नव्हे, हे पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाकावं, नाहीतर ‘किती रुपये आहेत?’ हा प्रश्न खेळभर पिच्छा सोडत नाही. इथे कॅश म्हणजे दडवून ठेवलेला साठा. उपग्रहांच्या मदतीनं ठरवलेल्या एका बिंदूवर कोणीतरी डबा ठेवतो, त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे शोधत येतात, डब्यातल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रं रातोरात काही मीटरवर आली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. त्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

चर्चशी या खेळाचं नातं जुळलं ते इंग्लंडमध्ये. तिथे २००७ पासून ‘चर्च मायक्रो’ नावाची मालिका सुरू झाली आणि खेड्याखेड्यांतल्या जुन्या चर्चपाशी हजारो छोट्या डब्या लागल्या. त्यातल्या बहुतेकांची रीत एकच: चर्चच्या आवारात फक्त प्रश्न असतात. फलकावरचं साल, जुन्या थडग्यावरचा अंक, दारावरच्या कमानींची संख्या असं काहीबाही गोळा करायचं, त्यातून आकडेमोड करून नवा बिंदू काढायचा आणि डबी सापडते ती दोन-तीनशे मीटरवरच्या एखाद्या फाटकाशी किंवा झाडाशी. उत्तर चर्चमध्ये आणि डबा बाहेर, ही विभागणी आपल्याकडे जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. प्रार्थनेच्या जागेत कोणी भिंती चाचपडत फिरत नाही आणि वास्तू मात्र कधी नव्हे इतक्या बारकाईनं वाचली जाते.

विदर्भात, कारंजा तालुक्यातल्या धनज बुद्रुकच्या शाळेला किंवा तरुण मंडळाला असा खेळ करायचा झाला, तर वसई राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण नमुना म्हणून वसईच घ्यावी. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगिजांकडे गेली. किल्ल्यात त्यांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत आणि सेंट जोसेफच्या मुख्य चर्चच्या पुनर्बांधणीचं साल, १६०१, शिलालेखात आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेली थडगी आहेत. वसईत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये संत घोषित झाले. नुसत्या या एका किल्ल्यात दहा कोड्यांचा ऐवज आहे. तिकडे अलिबागच्या पुढे कोर्लईत चर्चभोवतीची वस्ती आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलते. तिथे कोडं दगडात शोधायची गरज नाही, ते लोकांच्या तोंडात आहे.

विदर्भातली गावोगावची चर्च मुख्यतः इंग्रजी अमदानीतली, मिशनऱ्यांच्या काळातली. शिलालेख थोडे, पण कोनशिला असते, घंटेवर ओतणाऱ्या कारखान्याचं नाव असू शकतं, देणगीदारांच्या पाट्या असतात, दफनभूमीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले लेख असतात. साधी, कौलारू, चार खिडक्यांची इमारत पाहून ‘इथे काय आहे?’ म्हणणारा माणूस तासाभरानं बारा प्रश्न घेऊन बाहेर येतो. फक्त त्याला तासभर आत थांबायला कोणीतरी हवं.

म्हणून सुरुवात फोनपासून नव्हे, किल्लीपासून करावी. गावातल्या चर्चची किल्ली ज्याच्याकडे असते, झाडलोट जो करतो, घंटा जो वाजवतो, त्याला जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही कागदात नसतं. परवानगी मात्र रीतसर घ्यावी. प्रोटेस्टंट चर्च असेल तर पाळकांना भेटावं, कॅथलिक असेल तर फादरना. रविवारी उपासना किंवा मिस्सा संपल्यावर मंडळी बाहेर थांबतात, ती बोलण्याची वेळ. नाताळ, पवित्र सप्ताह आणि चर्चचा सण हे दिवस वगळावेत. परवानगी लेखी असावी आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: आवारात कुठपर्यंत जायचं, कोणत्या वेळी जायचं आणि फोटो काढायचे की नाही. दफनभूमीतला लेख वापरायचा असेल तर अगदी जुना निवडावा. ज्या थडग्यावर अजून फुलं येतात, त्याला खेळात ओढू नये. वारस गावात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय अजिबातच नाही.

वास्तू भारतीय पुरातत्त्व विभागाकडे संरक्षित असेल, जसा वसईचा किल्ला आहे, तर तिथे डबा, खिळा, दोरी, खडूची खूण यातलं काहीही करू नये. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अशा ठिकाणी फक्त प्रश्न ठेवावेत. बघा, मोजा, लिहा, निघा.

आता एक गोष्ट, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. आपल्याकडे गावात पत्रक लागलं की ‘जुन्या चर्चजवळ खजिना शोध’, तर रविवारी पोरं येतील आणि शनिवारी रात्री कोणीतरी कुदळ घेऊन येईल. गुप्तधनाचं वेड विदर्भालाच काय, साऱ्या महाराष्ट्राला नवं नाही. पडक्या गढ्या, ओसाड देवळं, जुनी थडगी या वेडापायी उकरली गेली आहेत. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं, आणि सापडलेलं धन दहा रुपयांहून अधिक किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ पासून बंधनकारक आहे. तेव्हा ‘खजिना’ हा शब्द पत्रकातून, भिंतीवरून आणि माइकवरून वगळावा. ‘शोधवाट’ म्हणावं, ‘कोडं’ म्हणावं, काहीही म्हणावं. डब्यात वही, पेन्सिल आणि पोरांना अदलाबदलीसाठी दोन गोट्या आहेत, हे आधीच सगळ्यांना सांगून टाकावं. रहस्य थोडं कमी होईल, पण चर्चचा ओटा शाबूत राहील. जिओकॅशिंगचा जागतिक नियमही हेच सांगतो: डबा पुरायचा नाही, शोधणाऱ्याला खणावं लागता कामा नये.

कोड्यांसाठी वही घेऊन आवारात फिरायला लागलं की पहिला मोह होतो तो डोळ्यांत भरणाऱ्या आकड्यांचा. पण जे हलतं, बदलतं, रंगवलं जातं, ते कोड्यात घेऊ नये. वेदीजवळच्या फळीवर त्या रविवारच्या गीतांचे क्रमांक लावलेले असतात. ‘उपासना संगीत’ पाहून ते ओळखण्याचं कोडं सुचतं मोठं छान, पण पुढच्या रविवारी उत्तर बदललेलं असतं. बाकांची संख्या लग्नसराईत बदलते. नोटीस बोर्ड तर बदलण्यासाठीच असतो. टिकाऊ काय? कोनशिलेचं साल, कमानी, खिडक्यांची तावदानं, मनोऱ्याच्या पायऱ्या, घंटेवरचा लेख. खिडक्याही मोजताना बाहेरून किती आणि आतून किती हे दोन्ही पाहावं, कारण एखादी मधल्या काळात विटांनी बुजवलेली निघते. ती बुजवलेली खिडकीच मग उत्तम कोडं होते.

जुन्या दगडावरच्या अंकांनी भलेभले फसतात. झिजलेला ५ आणि ६, १ आणि ९ यांत फरक करणं कठीण. शंका आली तर पाणी, खडू, तेल काही लावू नये. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना यावं, अक्षरं आपोआप उठून दिसतात. ऊन नसेल तर विजेरी बाजूनं धरावी. मराठी लेखात साल शकाचं असू शकतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वसई पडली ते शके १६६१ म्हणजे १७३९. पण डिसेंबर संपून जानेवारी लागला की चैत्र येईपर्यंत ७९ मिळवावे लागतात. हा एका आकड्याचा फरक कोडं रचणाऱ्याला हवाहवासा वाटतो, आणि सोडवणाऱ्याला महिना सांगितला नसेल तर तो अन्याय असतो. महिना द्यावा, मग खुशाल अडवावं.

आपल्या परंपरेत शब्दांनी अंक सांगण्याची जुनी रीत आहे. नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण पाच, ऋतू सहा. चर्चच्या शोधवाटेसाठी तीच रीत ख्रिस्ती वळणानं चालवता येते: त्रैक्य तीन, शुभवर्तमानं चार, आज्ञा दहा, शिष्य बारा, कॅथलिक चर्चमधली क्रुसाच्या वाटेची स्थानकं चौदा. धनजच्या सातवीतल्या मुलाला यातलं बरंच माहीत नसेल. मग त्यानं ते शेजारच्या वर्गमित्राला किंवा त्याच्या आजीला विचारावं. खेळातली खरी मजा तिथेच आहे. मोडी वाचता येणारं कोणी गावात असेल तर एक कोडं मोडीत लिहून घ्यावं, म्हणजे शोधणाऱ्यांची पावलं त्या घराकडे वळतील.

अंक जमले की सूत्र. जिओकॅशिंगमध्ये बिंदू अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ उत्तर १९° १९.४१९′. फोनच्या नकाशात बोट दाबून धरलं की बहुधा नुसते दशांश अंश दिसतात. त्यातला दशांशचिन्हापुढचा भाग ६० नं गुणला की मिनिटं मिळतात: २०.४८ अंश म्हणजे २०° २८.८′. शेवटचे तीन अंक कोड्यातून काढायचे. समजा, तहाच्या सालाचा शेवटचा अंक अ, मुख्य चर्चच्या पुनर्बांधणीच्या सालाचा शेवटचा अंक ब, किल्ला पडला त्या सालाचा शेवटचा अंक क. १५३४, १६०१ आणि १७३९ यांतून अ ४, ब १, क ९ येतात आणि ‘अबक’ची जागा ४१९ घेते.

इथे नवशिक्या आयोजकाचं एक दुर्लक्ष हमखास होतं. तिन्ही अंकांचं वजन सारखं नसतं. उत्तर-दक्षिण दिशेत मिनिटाचा एक हजारावा भाग म्हणजे साधारण १.८५ मीटर. ‘क’ एकानं चुकला तर माणूस दोन पावलं बाजूला जातो आणि डबा तरीही सापडतो. ‘ब’ चुकला तर साडेअठरा मीटर. ‘अ’ चुकला तर तब्बल १८५ मीटर, म्हणजे शोधणारा थेट कोणाच्या तरी तुरीच्या शेतात. म्हणून वादातीत, ठसठशीत अंक पहिल्या जागी ठेवावा आणि झिजलेल्या दगडावरचा संशयास्पद अंक शेवटी. शिवाय पडताळा द्यावा: ‘तिन्ही अंकांची बेरीज १४’. एवढ्या एका ओळीनं निम्मी भांडणं मिटतात.

डब्याच्या जागेचं वाचन घेताना फोन मोकळ्या आकाशाखाली धरावा. उघड्यावर चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण उंच भिंतीला चिकटून उभं राहिलं किंवा वडाखाली गेलं की संकेत भिंतीवर आपटून येतात आणि बिंदू भरकटतो. चर्चच्या भिंतीलगत डबा न ठेवण्याचं हे आणखी एक कारण. वेगवेगळ्या दिवशी तीनदा वाचन घेऊन सरासरी काढावी. नकाशा आधीच उतरवून घ्यायला सांगावं. जागतिक संकेतस्थळावर डबा नोंदवायचा असेल तर दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर लागतं, जागामालकाची परवानगी लागते आणि डब्याची देखभाल करणारा जवळपास राहणारा माणूस लागतो. सुट्टीत गावी येऊन डबा ठेवून पुण्याला परतणाऱ्याची नोंद म्हणूनच अडते. पण नोंद केलीच पाहिजे असं नाही. शाळेच्या एका दिवसाच्या खेळाला छापील कागद पुरतो.

डबा पारदर्शक घ्यावा. झाकणावर मराठीत ठळक लिहावं: हा शाळेचा खेळ आहे, आत वही आहे, उघडून पाहायला हरकत नाही. बेवारस डबा दिसला की आपल्याकडे लोक घाबरतात, आणि घाबरावं असंच सरकारनं वर्षानुवर्षं सांगितलं आहे. डबा ठेवण्याआधी पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्यात जागा दाखवून यावं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात स्वस्त प्लास्टिक तडकतं आणि पावसाळ्यात काळी माती डब्यासकट सगळं गिळते, तेव्हा डबा जमिनीपासून वर असावा. वहीला झिपची पिशवी, आत पेन्सिल. पेनाची शाई ओल लागली की पसरते. खाऊ अजिबात नको, मुंग्या आणि उंदीर शोधणाऱ्यांच्या आधी पोचतात. दगडांच्या खबदाडीत हात घालावा लागेल अशी जागा निवडू नये. साप आणि विंचू हा खेळ खेळत नाहीत.

सगळी वाट एक किलोमीटरच्या आत आणि दीड तासात संपणारी असावी. जाहीर करण्याआधी दोन परीक्षक फिरवावेत, एक गावातला, एक परका. गावातल्याला बऱ्याच गोष्टी न पाहताच माहीत असतात आणि परका जिथे अडखळतो तिथे सूचनेत खोट असते. परीक्षक फिरत असताना आयोजकानं गप्प बसावं. हे वाटतं तितकं सोपं नाही.

गावात चर्चच नसेल तर? तर हीच रीत धनजकरांनी तालुक्याच्या गावी न्यावी. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैन भट्टारकांच्या पीठांचं गाव. जुन्या गावाला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा वेशी, आणि वेशींची नावं हाच मुळात दिशांचा नकाशा. दारव्हा वेशीतून निघालेला माणूस कुठे पोचायचा, एवढा प्रश्नही सातवीच्या मुलांना दहा मिनिटं पुरतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे कारंज्यावरूनच जायची. ११३ किलोमीटरचा तो अरुंद रूळमार्ग, १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं आणि १९९४ मध्ये डिझेलला जागा देऊन निवृत्त झालेलं तिचं वाफेचं इंजिन यांतून उत्तम सूत्र निघतं. मात्र गाडी बंद असली तरी रुळांवर डबा ठेवू नये. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यातही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

खेळाच्या दिवशी पाच-सहा जणांच्या टोळ्या पंधरा मिनिटांच्या अंतरानं सोडाव्यात. प्रत्येक टोळीत एक मोठा माणूस, पाण्याची बाटली, टोपी. चर्चमध्ये जाताना चपला काढायच्या की नाही, हे आधी विचारून ठेवावं. दिवस संपला की डबा उचलावा, आवार झाडून द्यावं, आणि मुलांनी गोळा केलेली सगळी सालं, नावं, लेख एका कागदावर स्वच्छ लिहून त्याची प्रत पाळकांना किंवा फादरना द्यावी. आणि खेळाआधी नवी वही डब्यात ठेवाल तेव्हा तिचं पहिलं पान कोरं सोडा. त्यावर पहिलं नाव चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या.